प्रकल्प नोंदी: स्पिनांची साखळी आणि ०.२४११

१२ ऑगस्ट २०२४, सांगली

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाच्या प्रकल्पांची वाटणी आज झाली. माझ्याकडे तिघं आली: तासगावचा एक, मिरजेची एक आणि विट्याहून एसटीनं ये-जा करणारा एक. विषय ठरला: स्पिनांच्या, म्हणजे अणूंच्या इवल्या चुंबकांच्या, एकमितीय साखळीतलं क्वांटम संक्रमण, आणि त्या साखळीत आपोआप उभे राहणारे कण.

आमच्या विभागात द्रव हेलियम नाही, न्यूट्रॉनचा झोत तर फार दूरची गोष्ट. फळा आहे आणि तीन लॅपटॉप आहेत. एवढ्यावर या विषयातला एक खरा आकडा स्वतः काढता येतो, आणि तो तिथेच का पडतो हेही समजून घेता येतं. म्हणून हा विषय. आकडा आहे ०.२४११. पुढच्या वर्षीच्या मुलांना कुठून धरायचं ते कळावं म्हणून या नोंदी ठेवतेय.

प्रश्न असा. अर्धा-अर्धा स्पिन असलेले अणू एका ओळीत बसलेत. शेजारच्या दोघांमध्ये J१ इतकी ओढ, एक सोडून पुढच्याशी J२ इतकी. दोन्ही ओढी प्रतिलोहचुंबकीय, म्हणजे प्रत्येक जोडीला एकमेकींच्या उलट राहायचंय. पण सख्ख्या शेजाऱ्याच्या उलट राहिलं की एक सोडून पलीकडचा आपोआप आपल्याच दिशेला येतो, आणि ते J२ ला चालत नाही. J२ भागिले J१ याला α म्हणू. α शून्यापासून हळूहळू वाढवत नेला तर साखळीचा स्वभाव नेमका कुठे बदलतो? ०.२४११ हे त्याचं उत्तर.

१६ ऑगस्ट

आज फळ्यावर फक्त दोन टोकं घेतली.

α = ० हे हान्स बेटेचं टोक. १९३१ मध्ये त्यानं ही साखळी अचूक सोडवली. अनंत लांबीच्या साखळीत दर अणूमागे किमान ऊर्जा १/४ − ln २, म्हणजे −०.४४३१ (J१ च्या मापात). वर-खाली-वर-खाली अशी स्थिर रचना तिथे टिकत नाही. निरपेक्ष शून्य तापमानालाही क्वांटम चढउतार ती मोडून टाकतात. गॅप नाही, म्हणजे कितीही थोडी ऊर्जा दिली तरी साखळी हलते. खऱ्या अर्थानं क्रांतिक अवस्था, आणि तीही एका बिंदूपुरती नाही तर α च्या एका अख्ख्या पट्ट्यात.

α = १/२ हे दुसरं टोक. १९६९ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या चंचलकुमार मजुमदार आणि दीपन घोष यांनी ते सोडवलं. जगभर हे 'मजुमदार-घोष प्रतिमान' म्हणून ओळखलं जातं आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याला एक ओळसुद्धा मिळत नाही, याची मला खंत आहे. सिद्धता एका तासात बसते. लागोपाठच्या तीन स्पिनांची बेरीज घ्या, तिचा वर्ग करा, सगळ्या साखळीभर मिळवा. शेजारच्या जोड्या दोनदा येतात, एक सोडूनच्या एकदाच. J२ बरोबर J१ च्या निम्मा असेल तर हीच बेरीज हॅमिल्टोनियन, म्हणजे साखळीच्या ऊर्जेचं सूत्र, होते. तीन अर्ध्या स्पिनांची बेरीज कमीत कमी अर्धी असू शकते, आणि तिघांतले कोणतेही दोघं सिंग्लेट, म्हणजे एकूण शून्य स्पिनची जोडी, बांधून बसले की ती तेवढीच होते. म्हणून पहिला-दुसरा, तिसरा-चौथा, पाचवा-सहावा अशा जोड्या लावल्या की प्रत्येक त्रिकूट खूश. ऊर्जा दर अणूमागे −३/८, अगदी नेमकी. जोड्या एक घर सरकवून लावल्या तरी ऊर्जा तीच. म्हणजे तळाच्या अवस्था दोन, आणि त्यांच्यावर गॅप.

एका टोकाला गॅप नाही, दुसऱ्या टोकाला आहे. मध्ये कुठेतरी उंबरठा आहे.

२६ ऑगस्ट

प्रोग्राम पायथनमध्ये लिहायचं ठरलं. १६ अणूंची साखळी म्हणजे ६५,५३६ अवस्था. पूर्ण मॅट्रिक्स जसंच्या तसं साठवायचं तर सुमारे ३४ जीबी लागते, आमच्या लॅपटॉपवर अशक्य. एकूण स्पिनचा z-घटक (एका ठरावीक दिशेतला भाग) शून्य असलेल्या अवस्थाच घेतल्या तर उरतात १२,८७०. शिवाय मॅट्रिक्समध्ये बहुतेक शून्यच असतात. ती न साठवता लांक्झोस पद्धतीनं तळाच्या चार-पाच पातळ्या काढल्या की काम मिनिटांत होतं. २० अणूंपर्यंत जाऊ, तिथे १,८४,७५६ अवस्था.

टोकं जोडून रिंग करायची. उघडी टोकं ठेवली तर टोकाचे अणू वेगळे वागतात आणि लहान साखळीत तोच गोंगाट जास्त ऐकू येतो.

३ सप्टेंबर

α = ० ची पडताळणी पूर्ण. तळाची ऊर्जा: ६ अणूंना −२.८०२८, ८ ला −३.६५११, १० ला −४.५१५४, १२ ला −५.३८७४, १६ ला −७.१४२३.

मिरजेच्या मुलीनं दर अणूमागची ऊर्जा काढून बेटेच्या −०.४४३१ पासूनचा फरक मांडला. सिद्धांत सांगतो की हा फरक लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असावा आणि गुणक π²/१२, म्हणजे ०.८२२, असावा. १२ अणूंना सिद्धांताचा अंदाज −०.४४८९, तिचा आकडा −०.४४८९. १६ ला दोन्हीकडे −०.४४६४. त्या गुणकात साखळीचा 'मध्यवर्ती भार' (तिच्यात किती प्रकारच्या मुक्त लहरी आहेत याचं माप) दडलेला असतो आणि तो इथे १ येतो. बारा अणूंच्या रिंगमधून अनंत साखळीचा हा गुण वाचता येतो, हे तिला पटायला वेळ लागला. मला स्वतःला दरवर्षी ते नव्यानं भावतं.

९ सप्टेंबर

आज अडलं, आणि अडणं गरजेचंच होतं.

गॅप काढायचा आणि तो कुठे शून्य व्हायचा थांबतो ते बघायचं, हा सरळ मार्ग तिघांनी धरला. α = ० ला तळाचा सिंग्लेट (एकूण स्पिन शून्य) आणि त्यावरचा ट्रिप्लेट (एकूण स्पिन एक, तीन अवस्था) यांच्यामधलं अंतर ६ अणूंना ०.६८५, ८ ला ०.५२३, १० ला ०.४२३, १२ ला ०.३५६. लांबीनं गुणलं तर ४.११, ४.१८, ४.२३, ४.२७. हा गुणाकार शेवटी π²/२ ला, म्हणजे ४.९३ ला टेकायला हवा. पण त्याच्या वाटेत लॉगॅरिथम आहे आणि लॉगॅरिथमइतकं सावकाश काहीच चालत नाही. हजारो अणू घेतले तरी तो ४.९३ ला भिडणार नाही.

आता α = ०.३ घ्या. इथे उंबरठा ओलांडलेला आहे, गॅप आहे. पण उंबरठ्याजवळचा गॅप घातांकी पद्धतीनं बारीक असतो, इतका बारीक की वीस अणूंच्या साखळीला त्याचा पत्ताच लागत नाही. विट्याच्या मुलानं α = ०.२ आणि α = ०.३ चे आलेख शेजारी-शेजारी लावले. एकात गॅप नाही आणि एकात आहे, हे आलेख बघून कुणालाही सांगता येणार नाही.

"मॅडम, मग कितीही मोठा कॉम्प्युटर आणला तरी असंच होणार की," तो म्हणाला.

बरोबर आहे त्याचं. हे संक्रमण कोस्टरलिट्झ-थाउलेस जातीचं आहे, गॅप असा नकळत उघडणारं. थाउलेस, हाल्डेन आणि कोस्टरलिट्झ यांना २०१६ चं नोबेल ज्या कामासाठी मिळालं, त्यात या जातीचं संक्रमण होतं. साखळी अशी आपणहून जोड्यांत कशी मोडते याचा विचार हाल्डेननं १९८२ मध्येच केला होता. इथे प्रश्नच बदलावा लागतो. गॅपचा आकार विचारायचा नाही. तळाच्या लगेच वर कोण बसलंय, सिंग्लेट की ट्रिप्लेट, हे विचारायचं.

गॅप नसलेल्या पट्ट्यात तळाच्या लगेच वर ट्रिप्लेट असतो. जोड्यांच्या पट्ट्यात तळाच्या अवस्था दोन व्हायच्या असतात, म्हणून दुसरा सिंग्लेट खाली येऊ लागतो. दोघं एकमेकांना जिथे छेदतात, तो उंबरठा. ही युक्ती ओकामोतो आणि नोमुरा यांनी १९९२ मध्ये वापरली आणि ०.२४११ काढला. छेद स्वच्छ असतो. त्याला लॉगॅरिथमची बाधा होत नाही, आणि का होत नाही हेही आपल्याला समजून घ्यायचंय.

१७ सप्टेंबर

सहा अणूंची रिंग, हातानं. या प्रकल्पातलं माझ्या सर्वांत आवडीचं पान हे, म्हणून तपशिलात लिहितेय.

सहा अणू गोल मांडा, क्रमांक द्या. J२ एक सोडून पुढच्याला जोडतो, म्हणजे १-३-५ हा एक त्रिकोण आणि २-४-६ हा दुसरा. J२ या त्रिकोणांच्या बाहेर जातच नाही. त्रिकोणाचा एकूण स्पिन अर्धा असेल तर त्याची ऊर्जा −०.७५α, दीड असेल तर +०.७५α. दुसरं काही शक्य नाही.

सहा अर्ध्या स्पिनांतून एकूण शून्य स्पिनच्या पाच अवस्था निघतात. रिंग फिरवण्याची सममिती लावली की त्यातली एक अगदी एकटी पडते, तिला मिसळायला कुणीच उरत नाही. तिच्यात दोन्ही त्रिकोणांचा स्पिन अर्धा. तिची ऊर्जा सरळ रेषा:

−१.५ − १.५α

तळाचा सिंग्लेट मात्र दोन अवस्थांचं मिश्रण आहे. एकीत दोन्ही त्रिकोण दीड स्पिनचे, दुसरीत दोन्ही अर्ध्या स्पिनचे. दोन-बाय-दोनचं मॅट्रिक्स सोडवलं की

−१ − √[(१.५ − १.५α)² + १]

α = ० घाला, −२.८०२८ येतं, ३ सप्टेंबरचाच आकडा. α = १/२ घाला, नेमकं −२.२५ येतं, म्हणजे सहा गुणिले −३/८. मजुमदार आणि घोष तिथे बरोबर भेटतात, आणि वरची सरळ रेषाही त्याच ठिकाणी −२.२५ ला पोचते. तळाच्या दोन अवस्था एकाच पातळीवर. फळ्यावर हे उतरलं तेव्हा तासगावचा मुलगा जागेवरून उठून पुढे आला आणि त्यानं दोन्ही ओळी स्वतः पुन्हा करून पाहिल्या.

ट्रिप्लेटचंही असंच दोन-बाय-दोन:

−१ − √[(५/६ − १.५α)² + ५/९]

आता सिंग्लेटची सरळ रेषा आणि हा ट्रिप्लेट एकमेकांसमोर ठेवा. वर्ग करा. दोन्हीकडचे α² एकमेकांना खाऊन टाकतात. डावीकडे उरतं ०.२५ + १.५α, उजवीकडे १.२५ − २.५α. म्हणजे α = १/४.

सहा अणू, एक खडू, आणि उत्तर ०.२५. अनंत साखळीचं उत्तर ०.२४११. फरक चार टक्क्यांहून कमी. याच सहा अणूंना गॅप विचारला असता तर त्यांनी काहीच सांगितलं नसतं.

२३ सप्टेंबर

एक व्यवहाराची गोष्ट. लांक्झोस पातळ्या देतो, पण कुठली सिंग्लेट आणि कुठली ट्रिप्लेट हे सांगत नाही. सोपा उपाय: हाच प्रोग्राम z-घटक १ असलेल्या अवस्थांवरही चालवायचा. ट्रिप्लेट दोन्हीकडे दिसतो, सिंग्लेट फक्त शून्यात. जो तिकडे सापडत नाही तो सिंग्लेट. पुढच्या बॅचनं हे पहिल्या दिवसापासून करावं.

५ ऑक्टोबर

हादग्याचे दिवस आहेत. मिरजेच्या मुलीनं आज 'कण' म्हणजे काय ते बाकीच्या दोघांना समजावलं, आणि माझ्यापेक्षा चांगलं समजावलं.

तिचं म्हणणं असं: फुगडीसाठी ओळीत मुली उभ्या आहेत, पहिली-दुसरी, तिसरी-चौथी अशा जोड्या. एक जोडी हात सोडते. आता दोघी सुट्या, शेजारी-शेजारी. सुटीच्या पलीकडच्या जोडीतली जवळची मुलगी तिचा हात धरते, मग त्या जोडीतली दुसरी सुटी पडते. मुलगी जागेवरच आहे, पण 'सुटी असणं' दोन घरं पुढे गेलं. दुसऱ्या बाजूलाही तेच. दोन सुटेपणं एकमेकांपासून लांब जातात, आणि त्यांच्यामधल्या जोड्या आता एक घर सरकलेल्या असतात.

मजुमदार-घोष साखळीतला कण, ज्याला स्पिनॉन म्हणतात, तो हाच. अणू कुठेही जात नाही. दोन प्रकारच्या जोडरचनांमधली सीमा सरकते आणि त्या सीमेवर अर्धा स्पिन असतो. बाहेरून साखळीला आपण स्पिन एकच्या पटीत ढकलतो, पण आत पडतात दोन अर्धे. ते वेगळे होऊ शकतात कारण सरकलेल्या जोड्यांची ऊर्जा मूळ जोड्यांइतकीच आहे. लांब जायला काही मोजावं लागत नाही.

बी. श्रीराम शास्त्री आणि बिल सदरलँड यांनी १९८१ मध्ये या सीमांचं गणित केलं. अगदी साध्या अंदाजानं एका सीमेची किमान ऊर्जा J१/८, दोघींची मिळून ०.२५. १९९६ मध्ये स्टीव्हन व्हाइट आणि इयन ऍफ्लेक यांनी फार लांब साखळ्यांवर काढलेला गॅप ०.२३४. फळ्यावरच्या चित्रातून इतकं जवळ जाता येतं.

१३ ऑक्टोबर

तासगावच्या मुलाच्या द्राक्षबागेत जाऊन आले. फळछाटणी झालीय, कोवळी फूट निघालीय आणि अवकाळी ढग. म्हणून डावणी या बुरशीच्या रोगाच्या भीतीनं बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, मारायचं चाललं होतं. एका पिंपात मोरचूद भिजत घातलेला, दुसऱ्यात चुन्याची निवळी. एक टक्क्याचं प्रमाण त्याच्या वडिलांना तोंडपाठ: किलो मोरचूद, किलो चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही एकत्र केल्यावर त्यांनी विळ्याचं पातं द्रावणात बुडवून धरलं आणि बाहेर काढून उन्हात निरखलं. तांबूस थर चढला असता तर चुना कमी पडला असं समजायचं आणि अजून घालायचा. पातं स्वच्छ होतं.

मी पिशवीतला निळा खडा हातात घेतला आणि सांगितलं की आम्ही ज्या साखळीचा अभ्यास करतोय ती या खड्यात आहे.

"मॅडम, ह्यात कसला चुंबक? लोखंडाला तर चिकटत न्हाई."

प्रश्न अगदी मुद्द्याचा. मोरचुदातल्या तांब्याच्या प्रत्येक आयनाकडे एक एकटा इलेक्ट्रॉन असतो, म्हणजे अर्धा स्पिन. स्फटिकात तांब्याच्या दोन प्रकारच्या जागा आहेत. एका प्रकारच्या आयनांची ओळ लागते आणि त्यांची साखळी होते, दुसऱ्या प्रकारचे जवळपास सुटे राहतात. साखळीतली ओढ सुमारे ०.२५ मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट, तापमानाच्या भाषेत ३ केल्विनच्या आसपास. सांगलीच्या दुपारी ३०० केल्विन असतात. त्या धांदलीत ओढ जाणवतच नाही, म्हणून खडा नुसता निळा दिसतो. एक केल्विनच्या बरंच खाली नेला की साखळी जागी होते.

हे नुसतं बोलणं नाही. २०१३ मध्ये मार्टिन मुरिगाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच मोरचुदावर न्यूट्रॉन सोडले. फरक इतकाच की स्फटिक जड पाण्यातले होते, कारण साध्या हायड्रोजनवरून न्यूट्रॉन सैरावैरा विखुरतात आणि हवा तो संकेत त्यात बुडतो. न्यूट्रॉन साखळीला एक अख्खा स्पिन देतो. आत एकच कण तयार होत असता तर प्रत्येक संवेगाला एक ठरावीक ऊर्जा, म्हणजे आलेखावर एक रेघ मिळाली असती. मिळाला रुंद पट्टा. दोन स्पिनॉन ऊर्जा आपसांत हवी तशी वाटून घेतात, म्हणून पट्टा. त्याची खालची कड दे क्लॉझो आणि पिअरसन यांनी १९६२ मध्येच काढली होती. ती ज्या कणांची म्हणून समजली जायची त्यांचा स्पिन एक नसून अर्धा आहे, हे फदेयेव आणि तख्ताजान यांनी १९८१ मध्ये दाखवलं. सिद्धांताप्रमाणे दोन स्पिनॉनांनी एकूण तीव्रतेपैकी ७१ टक्केच भरून निघते. मोरचुदात मोजलेली तीव्रता अपेक्षित एकूण तीव्रतेच्या ९९ टक्के भरली, म्हणजे वरचा वाटा दोनाहून जास्त स्पिनॉनांचा. बेटेच्या साखळीचं गणित आणि तांब्याचं मीठ यांचा इतका मेळ भौतिकशास्त्रात क्वचित पाहायला मिळतो.

मुलाच्या वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, एवढ्या थंडीत त्या आयनांना काय सुख. त्यांना सांगितलं की थंडीत त्यांना एकमेकांचं ऐकू येतं. येताना मुलानं दोन खडे कागदात बांधून घेतले. सादरीकरणाच्या दिवशी टेबलावर ठेवायचे म्हणतोय.

२१ ऑक्टोबर

छेदबिंदू आले. ६ अणू: ०.२५० (हातानं काढलेला तोच). ८: ०.२४६. १०: ०.२४४. १२: ०.२४३. १६: ०.२४२.

लांबीच्या वर्गाच्या व्यस्तासमोर मांडले तर जवळजवळ सरळ रेषा, आणि ती अक्षाला ०.२४१ ला छेदते. विट्याच्या मुलानं फक्त ६ आणि ८ हे दोनच बिंदू धरूनही रेषा ओढून पाहिली. तरी ०.२४१.

दिवाळीच्या सुट्टीआधीचं काम संपलं.

११ नोव्हेंबर

सुट्टीनंतर पहिली बैठक. आकडा हातात आहे, आता तो का बरोबर येतो ते.

α शून्य असताना साखळीत एक 'सीमांत' पद असतो. लांबी वाढेल तसा तो विझत जातो, पण लॉगॅरिथमच्या चालीनं, आणि ९ सप्टेंबरची सगळी डोकेदुखी त्याच्यामुळे. α वाढवला की त्या पदाचा गुणक कमी होत होत ०.२४११ ला शून्य होतो आणि तिथून पुढे त्याचं चिन्ह बदलतं. उलट चिन्हाचा झाला की विझण्याऐवजी वाढत जातो आणि साखळीला जोड्यांत मोडतो.

या पदामुळे ट्रिप्लेट थोडा खाली सरकतो आणि सिंग्लेट त्याच्या तिप्पट वर. चिन्ह बदललं की उलट. गुणकच शून्य असेल तर दोघांना वेगळं ठेवणारं कुणी नाही. ट्रिप्लेटच्या तीन आणि सिंग्लेटची एक अशा चार अवस्था एकाच ऊर्जेवर येतात. म्हणून तिथे छेद, आणि म्हणून त्याला लॉगॅरिथमची बाधा नाही. बाधा आणणाराच त्या बिंदूवर गैरहजर असतो.

मला यात सर्वांत मोलाचं वाटतं ते पुढचं. तीन आणि एक वेगळे न राहता चार एकसारखे दिसतात, म्हणजे साखळीच्या मूळ नियमांत नसलेली एक मोठी सममिती त्या बिंदूवर प्रकट होते. आपण हॅमिल्टोनियन लिहिताना ती घातली नव्हती. स्पिनॉनही घातला नव्हता. अणूंचे नियम अर्ध्या पानात मावतात आणि त्यांच्या जमावातून नवे कण, नव्या सममिती निघतात. 'उद्गामी' म्हणतात ते हेच.

पडताळणीसाठी काम दिलं: α = ०.२४११ ठेवून गॅप गुणिले लांबी काढा. α = ० ला तो ४.११ पासून सरकत होता. इथे तो लांबीप्रमाणे स्थिर राहायला हवा. सहा अणूंच्या छेदाला, α = १/४ वर, हातानं ३.७८ येतो. तिथून फार हलू नये.

१८ नोव्हेंबर

फारसा हलत नाही.

२५ नोव्हेंबर

J२ खऱ्या पदार्थात असतो का, असं विचारलं गेलं. असतो. कॉपर जर्मेनेट: १९९३ मध्ये हासे, तेरासाकी आणि उचिनोकुरा यांनी दाखवलं की १४ केल्विनच्या खाली त्यातली तांब्याची साखळी जोड्यांत बसते. तिथे स्फटिकाची जाळीही साथ देते, अणूच जवळ-लांब सरकतात, म्हणून तो शुद्ध आपला प्रश्न नाही. α चे अंदाजही एकमत नव्हते: एका गटाचा ०.२४, दुसऱ्याचा ०.३६. एक उंबरठ्यावर, दुसरा चांगलाच आत. हा वाद वाचायला मी तिघांना मुद्दाम दिला. ०.२४११ या चार आकड्यांसाठी लोक का झगडले ते त्यातून कळतं.

७ डिसेंबर

सादरीकरण झालं. मोरचुदाचे खडे टेबलावर होते.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं बोट ठेवलं: स्पिनॉन खरा कण आहे की हिशेबाची सोय? साखळीबाहेर तो काढून दाखवता येत नाही, मग खरा कशावरून?

मिरजेची मुलगी म्हणाली, "सर, त्याला ऊर्जा आहे, संवेग आहे, अर्धा स्पिन आहे, आणि दोन स्पिनॉनांचा वाटा किती ते गणित सांगतं, न्यूट्रॉनला त्याहून जास्त दिसतं तो वाटा अधिक स्पिनॉनांचा ठरतो. साखळीबाहेर तो नाही, कारण त्याची जागाच साखळी आहे." परीक्षकांनी ७१ आणि ९९ हे आकडे पुन्हा विचारून लिहून घेतले.

माझं मत तिच्यासारखंच आहे, आणि मी ते अधिक ठामपणे म्हणेन. निर्वातातले कणसुद्धा आपण असेच ओळखतो: किती ऊर्जा, किती संवेग, किती स्पिन. मोरचुदातल्या स्पिनॉनसाठी वेगळा, कडक निकष लावण्याचं कारण मला दिसत नाही.

९ डिसेंबर

पुढच्या सत्राचं काम. विट्याच्या मुलाला अजून पुढे जायचंय. त्याला दोन वाटा दिल्यात.

पहिली: शेजारची ओढ एकाआड एक थोडी कमी-जास्त करायची. मग सरकलेल्या जोड्या मूळ जोड्यांपेक्षा महाग पडतात आणि दोन स्पिनॉन जितके लांब जातील तितकी ऊर्जा वाढते. ते सुटे राहत नाहीत, बांधले जातात. त्या बद्ध अवस्थांची शिडी काढायची.

दुसरी: आडव्या चुंबकीय क्षेत्रातली आयसिंग साखळी, म्हणजे शेजाऱ्यांची ओढ फक्त एकाच दिशेतली असलेली. पियरे फ्युती यांनी १९७० मध्ये सोडवलेली, उंबरठा नेमका h = J वर (h म्हणजे आडवं क्षेत्र, J म्हणजे ओढ). N अणूंच्या रिंगसाठी तिथला गॅप (J च्या मापात) २ tan(π/४N) या सूत्रानं येतो, म्हणजे प्रोग्राम तपासायला पक्कं माप आहे: ८ अणूंना ०.१९७०. उंबरठ्यावर उभं राहून थोडं उभं क्षेत्रही लावलं की झामोलोदचिकोव्ह यांच्या १९८९ च्या गणिताप्रमाणे आठ कण निघतात, आणि पहिल्या दोघांच्या वस्तुमानांचं गुणोत्तर १.६१८. ऑक्सफर्डच्या राडू कोल्डेया यांच्या गटाला २०१० मध्ये कोबाल्ट निओबेटमध्ये, ५.५ टेस्लाच्या आसपास, पहिले दोन सापडले. लॅपटॉपवर १.६१८ च्या जवळ जायला १६ अणू पुरतात की नाही ते बघायचं. सुरुवात दुसऱ्या वाटेनं, कारण तिथे ताडून बघायला अचूक सूत्र आहे. उभं क्षेत्र ०.०५ J पासून वाढवत न्यायचं, आणि प्रत्येक वेळी संवेग शून्य असलेल्या पातळ्याच घ्यायच्या.